पूरक आधारसामग्री, संशोधनातील

वैज्ञानिक वा वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष ज्या मोजमापांवर, नोंदींवर व आकृत्यांवर आधारलेला असतो, परंतु ज्यांना छापील निबंधात पूर्णपणे स्थान मिळत नाही, अशा सर्व साहित्यास पूरक आधारसामग्री म्हणतात. मूळ निरीक्षणांची कोष्टके, उपकरणांनी दिलेले कच्चे अंक, सूक्ष्मदर्शकातून घेतलेली मूळ छायाचित्रे, आलेख काढण्यासाठी वापरलेले अंक, प्रयोगपद्धतीचे तपशील, रुग्णांच्या नावाविना केलेल्या नोंदी, तसेच आकडेमोडीसाठी लिहिलेले संगणकीय कार्यक्रम यांचा तीत समावेश होतो. ही सामग्री इतर संशोधकांना तपासणीसाठी व पुनर्वापरासाठी उपलब्ध करून देणे हा आधुनिक संशोधन-व्यवहाराचा एक महत्त्वाचा भाग झाला आहे.

निबंध हा मुळात सारांश असतो. शेकडो रुग्णांच्या नोंदींची एक सरासरी व हजारो छायाचित्रांपैकी दोन-चार त्यात येतात. काय निवडले व काय वगळले, हे वाचकास केवळ निबंधावरून कळत नाही. मूळ सामग्री उपलब्ध असल्यास तीन गोष्टी साध्य होतात : निष्कर्षांची पडताळणी करता येते, अनेक संशोधनांतील सामग्री एकत्र करून अधिक विश्वसनीय उत्तर काढता येते, आणि मूळ संशोधकाच्या मनात नसलेल्या प्रश्नांसाठीही तिचा उपयोग होतो. वैद्यकात निष्कर्षावर उपचार अवलंबून असल्याने पडताळणीचा प्रश्न थेट रुग्णाच्या जीविताशी निगडित असतो.

इतिहास : दुसऱ्याने केलेल्या निरीक्षणांवरून मोठा शोध लागल्याचे प्रसिद्ध उदाहरण ज्योतिषशास्त्रातील आहे. टायको ब्राए यांनी अनेक वर्षे घेतलेले ग्रहांचे वेध त्यांच्या मृत्यूनंतर (१६०१) योहानेस केप्लर यांच्या हाती आले. त्यांवरून टायको यांच्या वारसांशी केप्लर यांचा वादही झाला. मंगळाच्या वेधांत व वर्तुळाकार गतीवर आधारलेल्या गणितात आठ कलांचा फरक पडतो, एवढ्यावरून केप्लर यांनी ती मांडणी टाकून दिली व पुढे ग्रहांची कक्षा विवृत्ताकार असल्याचा सिद्धांत १६०९ मध्ये मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स हे नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झाले. त्या काळी निरीक्षणे थोडी असल्यामुळे ती निबंधातच सामावत. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोगांतील मोजणीचे आकडे १८६६ च्या आपल्या निबंधात दिले होते. म्हणूनच रॉनल्ड फिशर यांना सत्तर वर्षांनंतर, १९३६ मध्ये, ते सांख्यिकीच्या कसोटीवर तपासता आले व ते अपेक्षेपेक्षा अधिक जुळते असल्याचे दाखविता आले. या आकड्यांवरील चर्चा त्यानंतरही चालू राहिली.

जुन्या नोंदी छापून ठेवल्याने काय साधते याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. कुलाबा येथील वेधशाळेत भूचुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी घेतल्या जात व त्या खंडरूपाने छापल्या जात. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर तेजस्वी उद्रेक पाहिला. त्यानंतरच्या प्रचंड चुंबकीय वादळात अनेक ठिकाणची उपकरणे निरुपयोगी ठरली; कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र वाचने घेणे चालू ठेवले. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे त्या नोंदींवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. या घटीचा अर्थ कसा लावावा, याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि मूळ अंक उपलब्ध असल्यामुळे मतभेद असलेल्यांनाही तेच अंक नव्याने तपासता आले. विद्युत् ट्रामगाड्यांमुळे वाचनांत व्यत्यय येऊ नये म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. या मालिकेतील नोंदींचा सांभाळ भारतीय भूचुंबकत्व संस्था करते.

विसाव्या शतकात निरीक्षणांची संख्या वाढली, कागद व छपाई महाग झाली आणि संपादक लांब कोष्टके गाळू लागले. यावर उपाय म्हणून १९३७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेने पूरक प्रकाशनाची पद्धत चालू केली. निबंधाबरोबरची कोष्टके संस्थेकडे ठेव म्हणून दिली जात, निबंधात तळटिपेत ठेवीचा क्रमांक छापला जाई आणि मागणी करणाऱ्यास शुल्क घेऊन सूक्ष्मपटावर त्यांची प्रत मिळे. ब्रिटनमध्ये बॉस्टन स्पा येथील ब्रिटिश ग्रंथालयाच्या उसनवारी विभागात स्फटिकविज्ञानाच्या निबंधांची अशीच सामग्री ठेवली जात असे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात (१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८) जगभरच्या नोंदी एका जागी नष्ट होऊ नयेत म्हणून जागतिक आधारसामग्री केंद्रे स्थापन झाली : ‘अ’ केंद्र अमेरिकेत, ‘ब’ सोव्हिएट रशियात व ‘क’ केंद्रे पश्चिम यूरोप आणि जपानमध्ये. शीतयुद्धाच्या काळातही दोन्ही गटांत नोंदींची देवाणघेवाण चालू राहिली, हे या योजनेचे विशेष यश होय. ही केंद्रे २००८ मध्ये जागतिक आधारसामग्री प्रणालीत विलीन करण्यात आली.

सामग्री-कोश : संगणकाच्या प्रसारानंतर विषयवार सामग्री-कोश निर्माण झाले. ओल्गा केनर्ड यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये केंब्रिज येथे सुरू झालेल्या कोशात कार्बनी संयुगांच्या स्फटिकरचना संग्रहित होतात. त्यातील रचनांची संख्या २०१९ मध्ये दहा लाख झाली. प्रथिन सामग्री-पेढी १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत केवळ सात रचनांनी सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. प्रारंभी अनेक संशोधक अणूंचे सहनिर्देशक देण्यास राजी नसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नियतकालिके व अनुदान देणाऱ्या संस्था यांनी ते बंधनकारक करण्यास सुरुवात केली. या पेढीत साठलेल्या रचनांच्या आधारे प्रथिनाच्या अमिनो अम्लांच्या क्रमावरून त्याचा आकार वर्तविणारा आल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम तयार झाला आणि त्याबद्दल डेमिस हॅसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. हजारो संशोधकांनी अर्धशतक जमा केलेल्या सामग्रीविना हे कार्य शक्य नव्हते.

केंद्रकीय अम्लांच्या अनुक्रमांसाठी यूरोप, अमेरिका व जपान येथे १९८० च्या दशकात कोश स्थापन झाले. त्यांतील जेनबँक १९८२ मध्ये सुरू झाला. हे तिन्ही कोश आपापल्या नोंदींची नियमित देवाणघेवाण करतात. मानवी जनुकसंच प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्यूडा येथे असे ठरविले की, एक हजार क्षारकांहून लांब जुळणी झालेले अनुक्रम शक्यतो चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुले करावेत. निबंध प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता सामग्री देण्याचा हा नवा पायंडा होता. याच सुमारास सेलेरा या खाजगी कंपनीने स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा निबंध २००१ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. त्याची सामग्री सार्वजनिक कोशाऐवजी कंपनीच्याच संगणकावर अटींसह ठेवली गेल्याने मोठा वाद झाला. करोना विषाणूचा (सार्स-कोव्ह-२) पहिला जनुकसंच चीनमधील संशोधकांनी ११ जानेवारी २०२० रोजी खुला केला. त्यावरून निदान-चाचण्या व लशी यांची आखणी जगभर लगेच सुरू झाली.

वैद्यकीय चाचण्या : औषधांच्या चाचण्यांत मूळ सामग्री न मिळाल्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. इन्फ्ल्यूएंझावरील ओसेल्टामिव्हीर (टॅमिफ्ल्यू) या औषधाने फुप्फुसाच्या उपद्रवांत घट होते, असे २००३ च्या एका निबंधात म्हटले होते. तो दहा चाचण्यांवर आधारलेला होता. परंतु त्यांपैकी केवळ दोन पूर्णपणे प्रसिद्ध झाल्या होत्या. अनेक सरकारांनी या औषधाचे मोठे साठे केले. जपानमधील एका डॉक्टरांनी २००९ मध्ये ही उणीव दाखविल्यानंतर कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी उत्पादक कंपनीकडे संपूर्ण अहवाल मागितले व दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१३ मध्ये ते मिळविले. २०१४ च्या त्यांच्या आढाव्यानुसार प्रौढांत लक्षणांचा काळ सात दिवसांवरून ६·३ दिवसांवर येतो. गंभीर उपद्रव वा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, असा समाधानकारक पुरावा आढळला नाही. पॅरॉक्सेटीन हे औषध किशोरवयीनांच्या विषण्णतेवर परिणामकारक आहे, असे सांगणाऱ्या २००१ मधील निबंधाच्या (अभ्यास क्र. ३२९) मूळ सामग्रीचे २०१५ मध्ये पुनर्विश्लेषण झाले. तेव्हा औषध निष्क्रिय गोळीहून अधिक गुणकारी नसल्याचे व त्यामुळे आत्महत्येच्या विचारांसारखे अपाय वाढल्याचे दिसून आले.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कर्करोगाच्या गाठीतील जनुकांच्या क्रियाशीलतेवरून कोणते औषध लागू पडेल, हे ठरविण्याची पद्धत मांडली गेली व तिच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध सामग्रीवरून उलट दिशेने गणित करून पाहिले. जनुकांच्या याद्या कोष्टकात एका ओळीने सरकल्या होत्या आणि काही ठिकाणी औषधास दाद देणारे व न देणारे नमुने यांची अदलाबदल झाली होती, असे त्यांनी २००९ मध्ये दाखविले. चाचण्या २०१० मध्ये बंद झाल्या आणि २००६ मधील मुख्य निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला. एका ओळीची चूक निबंधात दिसत नाही. ती कोष्टकातच सापडते. याउलट, २०२० च्या मे महिन्यात द लॅन्सेटमध्ये आलेला, ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला म्हणून सांगितलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरील निबंध मूळ सामग्री तपासणाऱ्यांना देण्यास नकार मिळाल्यामुळे ४ जून रोजी मागे घ्यावा लागला. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी काही दिवस स्थगित केली होती.

अशा अनुभवांतून नियम कडक होत गेले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ मध्ये जाहीर केले की, अगोदर नोंदणी न केलेल्या चाचणीचा निबंध छापला जाणार नाही. १ जुलै २०१८ पासून चाचणीच्या प्रत्येक निबंधात सामग्री दिली जाणार आहे की नाही, कोणती, केव्हा व कोणास, याचे निवेदन आवश्यक झाले. तथापि ‘देणार नाही’ असे निवेदनही या नियमात बसते, ही त्याची मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००३ मध्ये वर्षाला पाच लाख डॉलर वा अधिक अनुदान मागणाऱ्यांसाठी सामग्री देण्याची योजना सादर करणे आवश्यक केले होते. २५ जानेवारी २०२३ पासून वैज्ञानिक सामग्री निर्माण करणाऱ्या सर्व अनुदानित संशोधनास तशी अट लागू झाली.

कोष्टके व आकृत्या : सामग्री दिली म्हणजे ती वापरण्याजोगी असतेच असे नाही. कोष्टकाचे छायाचित्र वा छापील पानाची प्रतिमा दिल्यास अंक पुन्हा हाताने उतरावे लागतात. स्तंभांचे अर्थ, एकके व नोंद नसल्याची खूण स्पष्ट न केल्यास कोष्टक निरुपयोगी ठरते. कोष्टके करण्याच्या एक्सेल या संगणकीय साधनामुळे एक चमत्कारिक दोष शिरतो : ‘सेप्ट २’ किंवा ‘मार्च १’ अशी संक्षिप्त नावे असलेली जनुके तारखा समजून बदलली जातात. हा दोष २००४ मध्ये निदर्शनास आला होता. जनुकांच्या याद्या पूरक कोष्टकांत देणाऱ्या ३,५९७ निबंधांच्या २०१६ मधील तपासणीत त्यांपैकी ७०४, म्हणजे सु. एक-पंचमांश, निबंधांत तो आढळला. अखेर मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली व २०२० मध्ये तसे जाहीर केले. साधनातील हे आपोआप होणारे परिवर्तन बंद करण्याची सोय निर्मात्यांनी २०२३ मध्ये केली.

आकृत्यांच्या बाबतीत मूळ प्रतिमा मागण्याची प्रथा रूढ होत आहे. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत निबंधांतील प्रतिमांची तपासणी सुरू केली. जैववैद्यकीय विषयांवरील २०,६२१ निबंधांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३·८ टक्के निबंधांत एकच प्रतिमा अयोग्य रीतीने पुन्हा वापरल्यासारखे दोष दिसले. यांतील सर्वच प्रकार फसवणुकीचे नसतात. कित्येक केवळ निष्काळजीपणाचे असतात व मूळ प्रतिमा मिळाल्यास हा भेद करता येतो. थोड्या निरीक्षणांसाठी केवळ सरासरी दाखविणारे स्तंभालेख काढल्यास निरीक्षणांचा विखुरलेपणा झाकला जातो. म्हणून प्रत्येक निरीक्षण बिंदूने दाखवावे व त्याचे अंक सोबत द्यावेत, अशी शिफारस केली जाते.

जतन व व्यवस्था : ‘मागणी केल्यास लेखक सामग्री देतील’ हे आश्वासन फारसे टिकाऊ नसते. दोन ते बावीस वर्षांपूर्वीच्या ५१६ निबंधांच्या लेखकांकडे सामग्री मागून केलेल्या २०१४ च्या एका अभ्यासात, निबंध जितका जुना तितकी सामग्री शिल्लक असण्याची शक्यता कमी, असे आढळले. ही संभाव्यता-तुलना दर वर्षास सु. १७ टक्क्यांनी घटत होती. लेखकांचे पत्ते बदलतात व जुन्या चकत्या वाचणारी यंत्रे राहत नाहीत. म्हणून सामग्री सार्वजनिक कोशात ठेवून तिला डीओआय या नावाने ओळखला जाणारा कायमचा क्रमांक घेणे श्रेयस्कर मानतात. विशिष्ट विषयाचा कोश नसल्यास ड्रायड, फिगशेअर किंवा यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेला झेनोडो यांसारखे सर्वसाधारण कोश उपयोगी पडतात. सामग्री शोधता यावी, मिळविता यावी, इतर सामग्रीशी जोडता यावी व पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वे २०१६ मध्ये मांडण्यात आली व ती सर्वत्र मान्य झाली आहेत. निबंधासोबत अमर्याद पुरवण्या जोडण्याच्या प्रथेवरही टीका झाली आहे. समीक्षकांना त्या वाचणे अशक्य होते, या कारणास्तव जर्नल ऑफ न्यूरोसायन्सने १ नोव्हेंबर २०१० पासून अशा पुरवण्या स्वीकारणे बंद केले.

गोपनीयता व हक्क : रुग्णांच्या सामग्रीबाबत खुलेपणास मर्यादा आहेत. नाव काढून टाकल्याने व्यक्ती अज्ञात राहतेच असे नाही. जन्मतारीख, लिंग व टपाल-क्रमांक या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील बहुसंख्य लोक ओळखता येतात, असे लॅटॅन्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखविले. अनेकांच्या जनुकीय माहितीची केवळ एकत्रित प्रमाणे दिली, तरी विशिष्ट व्यक्ती त्या गटात होती की नाही हे सांगता येते, असे २००८ मध्ये सिद्ध झाल्यावर अशी प्रमाणे खुल्या वापरातून काढून घेण्यात आली. त्यामुळे संवेदनशील सामग्री समितीच्या परवानगीने व कराराने देण्याची नियंत्रित पद्धत वापरली जाते. संमतीची व्याप्तीही महत्त्वाची आहे. ॲरिझोनातील हावासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त इतर विषयांच्या अभ्यासासाठी वापरल्याबद्दल झालेला वाद २०१० मध्ये भरपाई देऊन मिटविण्यात आला.

देवाणघेवाणीत न्यायाचा प्रश्नही असतो. आपल्या रुग्णांतील विषाणूवरून बनलेल्या लशी आपल्यालाच परवडत नाहीत, या कारणास्तव इंडोनेशियाने २००७ मध्ये पक्षिज्वराच्या विषाणूचे नमुने देणे थांबविले. त्यानंतरच्या वाटाघाटींतून नमुने देणे व लाभांत वाटा मिळणे यांची सांगड घालणारी चौकट जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मंजूर केली. वर्षानुवर्षे कष्टाने सामग्री जमविणाऱ्या संशोधकास तिचा प्रथम उपयोग करण्यास काही मुदत मिळावी व पुढील वापरात त्याचे श्रेय नमूद व्हावे, ही अपेक्षाही रास्त मानली जाते.

भारतातील स्थिती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या भारतीय चाचणी नोंदवहीचे काम २० जुलै २००७ रोजी सुरू झाले व १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची त्यात नोंदणी बंधनकारक झाली. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या, गोपनीय नसलेल्या सामग्रीसाठी केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जैविक सामग्रीच्या देवाणघेवाणीसाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली व फरीदाबाद येथील भारतीय जैविक आधारसामग्री केंद्राचे १० नोव्हेंबर २०२२ रोजी उद्‌घाटन झाले. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची सामग्री जानेवारी २०२५ मध्ये या केंद्रातून संशोधकांसाठी नियंत्रित पद्धतीने उपलब्ध झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केरळातील पहिल्या रुग्णांकडून मिळालेले करोना विषाणूचे अनुक्रम २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय कोशात दिले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्व ज्योतिर्विदांना मिळतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला असून आरोग्यविषयक सामग्री हाताळताना त्याचाही विचार करावा लागतो.

सामग्री खुली केल्याने संशोधन आपोआप निर्दोष होत नाही. तथापि चूक झाल्यास ती कोठे झाली हे शोधण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहतो. सामग्री लावून ठेवणे, तिचे वर्णन लिहिणे व ती दीर्घकाळ सांभाळणे यांस वेळ, पैसा व प्रशिक्षित माणसे लागतात. पदोन्नती व अनुदान ठरविताना या कामाची दखल निबंधांइतकी घेतली जात नाही, ही या क्षेत्रातील मुख्य अडचण होय.